शार्ली टोरोप : वडिलांचे ब्राँझ, लेकीचा ब्रश

एखादा कलावंत कलावंतांच्याच घरात जन्मला, की ‘वडिलांचा वारसा समर्थपणे पुढे नेला’ हे वाक्य आपण डोळे मिटून लिहून टाकतो. शार्ली टोरोप या डच चित्रकर्तीबद्दल ते लिहिणे मला साफ चुकीचे वाटते.

त्यांचे वडील यान टोरोप जावा बेटावर जन्मलेले आणि आपल्या काळात मोठे नाव असलेले चित्रकार होते. डेल्फ्टच्या एका तेल कंपनीसाठी त्यांनी १८९४ साली केलेल्या जाहिरातीत बायकांचे मोकळे केस लाटांसारखे सगळा कागद व्यापून राहतात. पुढे नेदरलँड्समध्ये त्या वळणदार शैलीला थट्टेने ‘सॅलडच्या तेलाची शैली’ असेच नाव पडले. लेकीच्या चित्रांत या लाटांचा मागमूसही नाही. तिथे चेहरे छिन्नीने तासल्यासारखे आहेत, डोळे ताणून उघडलेले आहेत आणि स्वतःच्या चेहऱ्यावरची एकही सुरकुती माफ केलेली नाही.

त्या १८९१ साली कातवाइकला जन्मल्या. आधी व्हायोलिन आणि गाणे शिकल्या, चित्रकलेकडे नंतर वळल्या. १९१२ साली लग्न झाले, १९१७ साली ते मोडले आणि पदरी तीन मुले होती. दुसऱ्या महायुद्धात नेदरलँड्सवर आलेल्या जर्मन अंमलात कलावंतांना सक्तीची असलेली सरकारी नोंदणी त्यांनी नाकारली.

त्याच काळात, १९४१ मध्ये, त्यांनी ‘तीन पिढ्या’ हे चित्र सुरू केले. मधे, १९४७ साली, पक्षाघाताचा झटका आला, तरीही १९५० मध्ये त्यांनी ते पुरे केले. आज ते रॉटरडॅमच्या बोइमान्स संग्रहालयाच्या मालकीचे आहे. त्यात त्या स्वतः ब्रश घेऊन थेट आपल्याकडे रोखून पाहतात, सोबत चित्रकार मुलगा एडगर आहे, आणि १९२८ सालीच वारलेले वडील आहेत ते जॉन रेडेकर यांनी घडवलेल्या ब्राँझच्या भव्य मस्तकाच्या रूपात. वडिलांचे एखादे जुने छायाचित्र समोर ठेवून त्यांना जिवंत रंगवता आले असते, पण शार्लींनी त्यांना धातूतच राहू दिले. मला यात आदर दिसतो, मात्र माया फारशी दिसत नाही. कुटुंबचित्र म्हणावे तर तिघांपैकी कोणीही दुसऱ्याकडे बघत नाही.

एडगर फर्नहाउट पुढे आईची शैली सोडून अमूर्त चित्रांकडे गेले. या चित्रात मात्र ते अजून आईच्याच कठोर रेषेत जखडलेले आहेत.