झोप बंद करायची परवानगी

आमच्या पंप-कंट्रोलरच्या बोर्डाला जन्मात कधी झोपायचं नाही. बॅटरी नाही, वीज थेट भिंतीतून. मग लिनक्स कर्नलमधलं (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातलं) पॉवर मॅनेजमेंट कशाला वागवायचं, असं साहेब म्हणाले आणि काम माझ्या गळ्यात आलं. मेन्यूकॉन्फिग, म्हणजे कर्नलमध्ये काय घ्यायचं ते निवडायची यादी, उघडायचं, 'पीएम' म्हणजे पॉवर मॅनेजमेंट, त्याच्यापुढची चांदणी काढायची. चहाच्या आधी उरकेल.

चांदणी होती, पण कंसाऐवजी दोन्हीकडे आडव्या रेघा. म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी पर्यायाने 'सिलेक्ट' करून जबरदस्तीने चालू ठेवलंय, हात लावायचा नाही. कुणी? स्लॅश दाबून शोधलं: 'पीएम स्लीप'. त्यालाच बंद करू म्हटलं, तर तो मेन्यूत दिसतच नाही! त्याला प्रॉम्प्टच, म्हणजे मेन्यूत दाखवायची ओळच, नाही. सस्पेंड (हलकी झोप) किंवा हायबरनेशन (सगळं डिस्कवर ठेवून गाढ झोप), दोघांपैकी एक जरी चालू असला की हा आपोआप 'वाय', म्हणजे येस. या निवडी साठवणारी डॉट कॉन्फिग फाईल उघडून हाताने खोडलं, तर पुढच्या 'मेक'ला, म्हणजे कर्नल बांधताना, पुन्हा हजर.

हे सगळं नांदतं कर्नल/पॉवर या फोल्डरमधल्या एकाच केकॉन्फिग फायलीत, म्हणजे पर्याय आणि त्यांचे नियम लिहायच्या फायलीत. एक्स८६, आर्म, पॉवरपीसी, प्रोसेसरांची ही सगळी घराणी एका 'सोर्स' ओळीने तीच ओढून घेतात. ज्याला झोपता येतं त्याने आपल्या घरच्या फायलीत 'आर्क सस्पेंड पॉसिबल' असं प्रतिज्ञापत्र तेवढं द्यायचं. विचार उत्तमच आहे. तेच ते दहा ठिकाणी कोण लिहीत बसणार? पण सामाईक सातबाऱ्यावर नाव लागलं, की आपल्या हिश्शाचा बांध सरकवायलाही आधी हिस्सेदार हुडकत फिरावं लागतं.

सस्पेंड काढला. (तो मुळात 'डिफॉल्ट वाय', म्हणजे न विचारताच होकार.) हायबरनेशनही काढलं. रेघा जागच्या जागी! आता 'सिलेक्ट' करणारा निघाला आमच्याच चिपचा केकॉन्फिग. आणि 'सिलेक्ट' हा गडी कुणाच्या 'डिपेंड्स ऑन'ला, म्हणजे 'अमुक असेल तरच' या अटीला, जुमानत नाही. जपून वापरा, असं कर्नलच्या दस्तऐवजातच लिहिलंय. लिहिणाऱ्यानेही बहुधा भोगूनच लिहिलं असावं.

"ती ओळ काढता येईल," मी साहेबांना म्हटलं, "पण मग चिपचे पॉवर डोमेन, म्हणजे तिच्या वेगवेगळ्या भागांची वीज, कोण सांभाळणार?"

"राहू दे मग." साहेबांनी बोर्डाकडे बघितलं. "बरं, पंप रात्री बंदच असतो ना रे? तेवढा वेळ याला झोपवता नाही का येणार? वीज वाचेल."