एकशे ऐंशीवर काही दिसतंय का?

वेस्टर्न ब्लॉट म्हणजे प्रथिनं जेलमध्ये आकारानुसार वेगळी करायची, मेम्ब्रेन नावाच्या पातळ कागदावर उतरवायची आणि हवं ते प्रथिन त्याला चिकटणाऱ्या अँटिबॉडीने शोधायचं. अँटिबॉडीची बाटली बोटाच्या पेराएवढी, आतला माल शंभर मायक्रोलिटर, आणि त्यातला निम्मा झाकणाला चिकटलेला. म्हणून उघडण्याआधी ती सेंट्रिफ्यूजमध्ये दहा सेकंद फिरवायची. सोबतच्या पत्रकावर देखणा फोटो असतो: जीएलयूएन-टू-बी, म्हणजे मेंदूतल्या एनएमडीए रिसेप्टरचा एक घटक, १८० किलोडाल्टनवर (हे प्रथिनाच्या वजनाचं माप) एकच काळी रेघ, बाकी सगळं स्वच्छ. तो फोटो मी आता बघतच नाही. उगाच जीव जळतो.

आधी हे प्रथिन बाहेर काढणं आलं. सायनॅप्सच्या, म्हणजे चेतापेशींच्या जोडाच्या, दाट जाळ्यात ते असं घट्ट रुतलेलं असतं की ट्रायटनसारख्या सौम्य डिटर्जंटला दाद देत नाही, एसडीएस हे कडक डिटर्जंटच लागतं. बरं, निघालं म्हणून सरळ उकळावं तर तेही नाही. पेशीपेशीत असणाऱ्या, तुलनेसाठी बघितल्या जाणाऱ्या ॲक्टिन या प्रथिनाला ९५ अंशांवर पाच मिनिटं ठेवा, हूं की चूं करत नाही. पेशीच्या पडद्यातली प्रथिनं मात्र उकळली की एकमेकांना बिलगून गोळा होतात आणि जेलच्या वेलमध्येच ठाण मांडतात. त्यापेक्षा ७० अंशांवर दहा मिनिटं बरी.

मग साडेसात टक्क्यांचं जेल, प्रत्येक लेनला २० मायक्रोग्रॅम प्रथिन, आणि थंड खोलीत ३० व्होल्टवर रात्रभर ट्रान्सफर, म्हणजे प्रथिनं मेम्ब्रेनवर उतरवणं. मिथेनॉल २० टक्क्यांवरून १० वर आणायचं, कारण जास्त मिथेनॉलने जेल आकसतं आणि एवढं अवजड प्रथिन आतच अडकतं. जेल आणि मेम्ब्रेनचं सँडविच रचताना रोलर फिरवून बुडबुडे काढायचे. एखादा राहतोच. प्रथिनं रंगवणारा पॉन्सो ओतला की गुलाबी पट्ट्यांमध्ये पांढरा, वाटोळा डाग उमटतो, आणि तो नेमका १८०च्या आसपास. पंचवीसला कधी बुडबुडा आल्याचं ऐकिवात नाही.

पुढे मेम्ब्रेनच्या रिकाम्या जागा झाकायला पाच टक्के दुधाच्या पावडरीत तासभर, मग अँटिबॉडी १:१००० करून ४ अंशांवर रात्रभर. हे द्रावण पुन्हा वापरायचं म्हणून त्यात जंतू वाढू नयेत यासाठी अझाइड घालतात. पण अझाइड एचआरपीचा, म्हणजे पहिलीला पकडणाऱ्या दुसऱ्या अँटिबॉडीवरच्या, रेघ उजळवणाऱ्या एन्झाइमचा गळा दाबतं. म्हणून दुसरी अँटिबॉडी घालण्याआधी दहा-दहा मिनिटांच्या तीन धुलाया, त्यात काटकसर नाही.

आता फिल्म. १८०वर पुसटशी सावली, त्याखाली तुकड्यांची रांग, कारण मेंदू बर्फावर यायला उशीर झाला आणि प्रथिनं तोडणाऱ्या कॅल्पेन एन्झाइमने आपलं काम उरकून घेतलं. आणि ५० व २५ला दोन ठसठशीत रेघा! त्यांचा रिसेप्टरशी काडीचा संबंध नाही. अँटिबॉडी उंदराची, मेंदूही उंदराचाच. उंदराच्या अँटिबॉडीला पकडणारी दुसरी अँटिबॉडी त्या मेंदूतल्या रक्ताचं आयजीजीही (तीही उंदराची अँटिबॉडीच) इमानेइतबारे पकडते. त्याची जड साखळी ५०ला, हलकी २५ला. गाबा-ए या मेंदूतल्या दुसऱ्या रिसेप्टरचा अल्फा-१ घटक शोधणाऱ्यांचं तर विचारूच नका, त्यांचं प्रथिनही पन्नाशीतच राहतं.

मग सशाची पॉलिक्लोनल, म्हणजे अनेक पेशींनी बनवलेल्या अँटिबॉडींचं मिश्रण, घ्यावी, तर दुसऱ्या लॉटला ससा दुसरा आणि रेघा तिसऱ्याच. १९७५ मध्ये केलर आणि मिलस्टाइन यांनी हायब्रिडोमाची, म्हणजे अँटिबॉडी बनवणारी पेशी कर्कपेशीशी जोडण्याची युक्ती काढली, तेव्हापासून एकाच पेशीच्या वंशातली अँटिबॉडी मिळते खरी. पण एकच अँटिबॉडी असली म्हणून ती एकाच प्रथिनाला चिकटते असं थोडंच आहे?

खरी परीक्षा नॉकआउट, म्हणजे ते प्रथिन बनवणारं जनुक काढलेल्या, उंदराच्या मेंदूवर. पण जीएलयूएन-टू-बी पुरता काढून टाकला तर पिल्लू जन्मानंतर तगत नाही. मग मी शेजारच्या लेनमध्ये प्रौढ उंदराचं सेरेबेलम, म्हणजे लहान मेंदू, घालते. वय वाढतं तसं तिथलं जीएलयूएन-टू-बी जवळजवळ नाहीसं होतं, त्यामुळे मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागात रेघ आणि सेरेबेलममध्ये कोरी जागा एवढीच माफक अपेक्षा. दोन्हीकडे सारखीच रेघ आली, तर बाटलीवर मार्करने फुली.

ॲक्टिन मात्र ४२वर दोन्हीकडे. कायम. ठळक.