सहिष्णुता आधी कुणी दाखवायची?

सहिष्णुतेने दहशतवाद थांबतो का, हा विषय आमच्या गप्पांत अण्णांनीच काढला. "सहिष्णुतेची प्रवचनं ऐकून बंदूक खाली ठेवलेला एक माणूस मला दाखवा. ज्याला मारायचंय तो मारणारच. त्याला वेळीच हुडकून आत टाकायचं, बाकी सगळं बोलायला ठीक."

ताई लगेच उसळल्या. "अण्णा, तुम्ही शेवटच्या दिवसाचं बोलताय. तो तिथवर पोचला कसा, ते कोण बघणार?"

वकिलाने अण्णांची बाजू धरली. अमेरिकेवरच्या हल्ल्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, 28 सप्टेंबर 2001 ला, सुरक्षा परिषदेने 1373 क्रमांकाचा ठराव केला: दहशतवाद्यांचा पैसा गोठवा, त्यांना आसरा देऊ नका, एकमेकांना माहिती द्या. 2014 मध्ये 2178 क्रमांकाचा ठराव आला, तो परदेशी लढायला जाणाऱ्यांना रोखण्यासाठी. "देश एकमेकांशी बोलले नाहीत तर माणूस सीमा ओलांडतो आणि गायब होतो," वकील म्हणाला.

हे खरंच आहे. पण ताईंनी पुढे जे काढलं, त्यावर सगळेच थबकले. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने 2017 मध्ये आफ्रिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध केला. आपणहून अतिरेकी गटात गेलेल्या माणसांना त्यात विचारलं होतं, की नेमकं काय घडलं आणि तुम्ही निघालात? 71 टक्के लोकांनी सरकारी कारवाईकडे बोट दाखवलं. कुणाचा भाऊ मारला गेला होता, कुणाचा मित्र उचलून नेला होता. आणि धर्माचं म्हणाल तर निम्म्याहून जास्त जणांनी कबूल केलं, की धर्मग्रंथ आम्हाला फारसे कळत नाहीत किंवा आम्ही ते वाचतच नाही.

"म्हणजे सरकार दोषी आणि बॉम्ब ठेवणारा निर्दोष?" अण्णांचा आवाज चढला.

"असं कुठं म्हटलं मी? गुन्हा त्याचाच, शिक्षाही त्यालाच. पण निरपराध भावाला मारलं, त्यावर ना चौकशी, ना दिलगिरी. त्या घरातल्या पोराकडे दुसऱ्या दिवशी कोण येऊन बसतं? भरती करणारा येतो. आपल्यातलं कुणी जात नाही."

माझं मत इथे ताईंच्या बाजूने पडतं. आपण सहिष्णुता शिकवायला निघतो ती नेहमी शाळेतल्या मुलांना. चौकीवर झडती घेणाऱ्या गणवेशातल्या माणसाला ती कोण शिकवतं? पोराचा राज्याशी पहिला संबंध त्याच्याशीच येतो, आणि तिथे मिळालेली वागणूक तो विसरत नाही.

अण्णा वाचणारे गृहस्थ आहेत. त्यांनी तत्त्वज्ञ कार्ल पॉपर काढला. असहिष्णू लोकांनाही बेलगाम सहन केलं तर शेवटी सहिष्णुताच नाहीशी होते, हे त्याने 1945 मध्येच लिहून ठेवलंय. वकिलाने त्यांना अर्ध्यावर अडवलं. "पुढचंही सांगा ना अण्णा. युक्तिवादाने आणि लोकमताने त्यांना आवरता येत असेल, तोवर दडपून टाकणं शहाणपणाचं नाही, असंही तोच म्हणतो. समोरचा वाद सोडून हातघाईवर आला की मग बळ." युनेस्कोच्या सहिष्णुतेवरच्या 1995 च्या जाहीरनाम्यातही स्पष्ट आहे, की सहिष्णू असणं म्हणजे अन्याय खपवून घेणं नव्हे किंवा स्वतःची मतं सोडणं नव्हे.

मग गाडी डेन्मार्कमधल्या आरहूस शहरावर आली. तिथून 2013 पर्यंत सुमारे तीस तरुण सीरियाच्या युद्धात गेले होते. पोलीस आणि नगरपालिका एकत्र बसले. परतलेल्यांपैकी ज्याच्याविरुद्ध पुरावा असेल त्याच्यावर खटला. बाकीच्यांना समुपदेशन, घर आणि शिक्षणासाठी मदत, शिवाय ज्याच्याशी वाद घालता येईल असा एक मार्गदर्शक. गेलेल्यांपैकी बरेच जण एकाच मशिदीत जाणारे होते. ती बंद करा, अशी ओरड झाली. पोलिसांनी उलट तिथल्या लोकांशी बोलणं चालू ठेवलं. पुढच्या वर्षी जाणाऱ्यांची संख्या झपाट्याने घटली. सगळं श्रेय त्या योजनेला देणं धाडसाचं होईल, पण दार उघडं ठेवल्यामुळे लोंढा वाढला नाही, एवढं तरी दिसलं.

"एका शहराचं ठीक आहे. मोबाइलवर जे पसरतं त्याचं काय?" वकिलाने विचारलं.

इथे मात्र देशांना एकत्र येण्यावाचून गत्यंतर नाही. 15 मार्च 2019 ला न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चच्या दोन मशिदींवर गोळीबार झाला, 51 माणसं गेली. मारेकऱ्याने ते फेसबुकवर थेट दाखवलं. कंपनीने पहिल्या 24 तासांत जगभरातून त्या चित्रफितीच्या 15 लाख प्रती काढल्या. तरी प्रती येतच राहिल्या. बरोबर दोन महिन्यांनी पॅरिसमध्ये न्यूझीलंडच्या तेव्हाच्या पंतप्रधान जेसिंडा आर्डर्न आणि फ्रान्सचे अध्यक्ष इमॅन्युएल माक्रों यांच्या पुढाकाराने सरकारं आणि कंपन्या एका मेजावर आल्या. हल्ला एका गावात, चित्रफीत साऱ्या जगात. एकटं सरकार काय करणार?

अण्णा बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, "परतणाऱ्याला घर द्या, शिक्षण द्या. ज्याचं माणूस मेलं त्याच्याकडे कोण जातं?"

ताईंकडे तयार उत्तर नव्हतं. वकील म्हणाला, की 2017 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी 21 ऑगस्ट हा दिवस दहशतवादाच्या बळींसाठी ठेवलाय. अण्णांनी मान हलवली, त्यांचं समाधान झालं नव्हतं, आणि माझंही नाही. परत येणाऱ्यांसाठी योजना आखताना बळींच्या नातेवाइकांना पहिल्या बैठकीपासून बोलवायला हवं, त्यांच्या पुनर्वसनाचा पैसा त्याच अंदाजपत्रकात हवा. ताईंना हे लगेच पटलं. अण्णांची अट होती, की त्या नातेवाइकांनी नाही म्हटलं तर नाही. त्यावर वाद पुन्हा पेटला.