तर्रीवाल्यांनो, आधी पेंटर गाठा

तर्री-पोह्याचा ठेला टाकायचाय म्हणता? टाका. नागपुरात आणखी एका ठेल्याला गिऱ्हाईक मिळणार नाही, असं म्हणणारा अजून जन्माला यायचाय. फक्त कढई घ्यायच्या आधी पाट्या रंगवणारा चांगला पेंटर गाठून ठेवा. हे मी मनाचं सांगत नाही, लंडनच्या बीपी या तेल कंपनीकडे बघून सांगतोय. (बीपी म्हटलं की आपल्याला आधी सकाळची गोळी आठवते, मग भारत पेट्रोलियमचा पंप. ही त्यातली नव्हे. हिच्यामुळे बीपी वाढतं ते इतरांचं.)

सुरुवात दुसऱ्याच्या अंगणातून करा. विल्यम नॉक्स डार्सी हा गृहस्थ ऑस्ट्रेलियातल्या सोन्याच्या खाणीवर गब्बर झालेला. १९०१ साली त्याने इराणच्या शाहाकडून तेल काढायचा ६० वर्षांचा मक्ता मिळवला, जवळजवळ सगळ्या देशाचा. उत्तरेकडचे पाच प्रांत तेवढे सोडून. मोबदला काय, तर २० हजार पौंड रोख, २० हजारांचे शेअर आणि नफ्यात १६ टक्के. स्वतः डार्सीने इराणात पाऊलही टाकलं नाही. (गडचिरोलीकडे काय बघताय, मी इराणबद्दल बोलतोय.) आता १६ टक्के म्हणजे कशाचे १६, हे वही ज्याच्या हातात तो ठरवतो. म्हणून वाटा मोकळ्या मनाने द्या, वही मात्र देऊ नका. पुढे इराण हिशेब तपासायला मागत राहिला आणि कंपनी नाही म्हणत राहिली. एक वेळ अशी आली की त्या तेलावर इराणला मिळणाऱ्या हिश्श्यापेक्षा ब्रिटिश सरकारला मिळणारा कर जास्त होता.

खणता खणता डार्सीचा खिसा रिकामा झाला. १९०५ मध्ये बर्मा ऑइल कंपनीने पैसा घातला, पुढे तिचाही धीर सुटला. काम थांबवा, असा आदेश वाटेत होता आणि इकडे २६ मे १९०८ च्या पहाटे मस्जिद सुलेमानला तेलाचं कारंजं उडालं. पुढच्या वर्षी कंपनी स्थापन झाली, तीच आजची बीपी. तेव्हा ठेला बंद करायचा निरोप धाडायचाच असेल, तर टपालाने धाडा.

यानंतरचा डाव नीट समजून घ्या, कारण तो आपल्या सीताबर्डीवरही चालतो. १९१४ मध्ये चर्चिल आरमारमंत्री होता. जहाजं कोळशावरून तेलावर आणायची होती. कंपनीने सरकारला नुसतं तेल विकलं नाही, सरकारलाच मालक करून घेतलं. सुमारे २० लाख पौंडांत ५१ टक्के. तुम्हीही पोहे खायला येणाऱ्या साहेबाला फुकट प्लेट देत बसू नका. त्याला भागीदार करा. मग अतिक्रमणवाल्यांची गाडी तुमच्या ठेल्यापाशी येईल, चहा पिईल आणि शेजारच्याचा ठेला उचलून नेईल.

एवढं करूनही अंगणाचा मालक एक दिवस उठतोच. १९५१ मध्ये इराणचे पंतप्रधान मोसद्देक यांनी तेलाचं राष्ट्रीयीकरण केलं. १९५३ मध्ये ब्रिटन आणि अमेरिका यांनी मिळून त्यांचं सरकार उलथवलं. १९५४ मध्ये कंपनी परतली, इराणी तेलात ४० टक्के वाटा घेऊन. आणि त्याच वर्षी पाटी बदलली! १९०९ मध्ये नाव होतं अँग्लो-पर्शियन, १९३५ पासून अँग्लो-इराणियन, आता ब्रिटिश पेट्रोलियम. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण नाही का 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' म्हणत सगळं पाप पुतळ्यावर घालून गावाबाहेर जाळून येतो? कंपनीने जुनं नाव तसं जाळलं. घर होतं तिथेच.

खरी कमाल २००० सालची. हिरवा-पिवळा सूर्य काढला, ग्रीक सूर्यदेवाचं नाव दिलं आणि घोषणा केली: पेट्रोलियमच्या पलीकडे. मे महिन्यात ४५ अंशांत भाजणाऱ्या नागपूरकराला सूर्याची जाहिरात करावी लागत नाही, पण लंडनला लागत असावी. मग कंपनीने लोकांना एक गणकयंत्र दिलं: तुमचा कार्बन किती, तुम्हीच मोजा. तेल काढणारे हे, जाळायला विकणारे हे आणि आकडेमोड करत बसलेले तुम्ही-आम्ही. ठेल्यावर हे सहज जमेल. तर्रीवर बोटभर तवंग सोडा आणि शेजारी फलक लावा, 'भाऊ, आपलं कोलेस्टेरॉल तपासलं का?'

तेल सांडलं तर? २० एप्रिल २०१० ला मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या तरंगत्या मंचावर स्फोट झाला. ११ कामगार गेले. खालची बीपीची तेलविहीर ८७ दिवस वाहत होती. अमेरिकी सिनेटसमोर बीपीने मंचाच्या मालकाकडे बोट दाखवलं, मालकाने बीपीकडे आणि सिमेंट ओतणाऱ्याकडे, सिमेंटवाल्याने म्हटलं, मी सांगितलं तेवढंच केलं. (कोर्टाने पुढे ६७ टक्के दोष बीपीच्या पदरात घातला, पण कोर्टाला वेळ लागतो.) कंपनीचे प्रमुख टोनी हेवर्ड म्हणाले, मला माझं आयुष्य परत हवंय. हे वाक्य मात्र पाठ करू नका. मेलेल्यांच्या घरचे ऐकत असतात.

शेवटचा धडा ताजा आहे. २०२० मध्ये बीपीने जाहीर केलं की २०३० पर्यंत तेल-वायूचं उत्पादन ४० टक्क्यांनी घटवू. २०२२ मध्ये विक्रमी नफा झाला. २०२३ च्या फेब्रुवारीत ४० चे २५ झाले. २०२५ च्या फेब्रुवारीत तर गाडी पुरतीच वळली: तेल-वायूत वर्षाला १० अब्ज डॉलर घालायचे आणि हरित ऊर्जेवरचा खर्च ५ अब्जांहून जास्त कापायचा.

हे सगळं मी धरमपेठेतल्या एका ठेलेवाल्याला समजावून सांगितलं. त्याने झारा थांबवून विचारलं, "म्हंजे पाटीवर तेल कमी केलं म्हणून लिवाचं, अन् कढईत?"

"कढईत तेवढंच."

"मंग पाटी पुसा लागन तवा?"

म्हणूनच म्हणतो, पेंटरचे पैसे एकदम चुकते करू नका. हिरव्या रंगाचा डबाही टाकून देऊ नका. झाकण घट्ट लावून ठेल्याखाली ठेवा. तेलाचा भाव उतरला की लागेल.