ती दुर्बीण लंडनला गेली नाही हो

आमच्या दादरच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय की पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेची मोठी दुर्बीण इंग्रजांनी लंडनला पळवली. चूक आहे हे, प्लीज पुढे पाठवू नका. दुर्बीण 1912 मध्ये कोडाईकनालच्या वेधशाळेत गेली, म्हणजे भारतातच राहिली, कारण ती वेधशाळा उभारणारे आणि चालवणारे खगोलशास्त्रज्ञ कावसजी नायगामवाला रिटायर झाले आणि वेधशाळाच बंद झाली.

आणि खरी गोष्ट केवढी भारी आहे बघा, नायगामवाला आपल्या मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवायचे, 1882 मध्ये भावनगरच्या महाराजांनी वेधशाळेसाठी 5000 रुपये दिले, मुंबई सरकारने तेवढेच घातले, मग मुंबईपेक्षा पुण्याची हवा बरी म्हणून सगळं तिकडे हलवलं आणि 1888 पर्यंत वेधशाळा उभी राहिली. ग्रब कंपनीची 20 इंची दुर्बीण, त्या काळी देशातली सगळ्यात मोठी! 1898 चं खग्रास सूर्यग्रहण टिपायला नायगामवाला जेऊरला गेले होते. एवढ्या माणसाचं नावच त्या फॉरवर्डमध्ये नाही, याचं जास्त वाईट वाटतं.

अजून एक, खाली कुणीतरी कुलाब्याच्या वेधशाळेचा फोटो चिकटवलाय. ती वेगळी, 1826 ची.