मूळव्याध असली म्हणून कॅन्सर नसेलच असं नाही

मंगळवारी रात्री दादाने आमच्या माहेरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला, 'संडासातून रक्त पडतंय? अजिबात घाबरू नका.' बुधवारी सकाळी माझ्या भाचीने कोलोनोस्कोपीची, म्हणजे दुर्बिणीची नळी घालून मोठं आतडं तपासण्याची, शुक्रवारची वेळ रद्द केली. ती 34 वर्षांची आहे. चार महिने अधूनमधून रक्त जातंय, हिमोग्लोबिन 8.2 वर आलंय. "मावशी, मामानेच पाठवलंय की. उगाच कशाला नळी घालून घ्यायची?" दादाने काळजीपोटीच पाठवलं, पण मेसेज घातक आहे.

पहिला दावा असा, की आतड्याचा कॅन्सर साठीनंतरचा. त्याआधी रक्त पडलं तर ती मूळव्याधच. तरुणपणी रक्त पडण्याचं कारण बहुतेक वेळा मूळव्याध किंवा फिशर (गुदद्वाराला पडलेली चीर) निघतं, एवढं मला मान्य करावं लागेल. पण 'बहुतेक वेळा' म्हणजे 'नेहमी' नव्हे. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या डॉक्टरांनी 2017 साली मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कॅन्सरच्या 800 रुग्णांचा अभ्यास छापला. त्या रुग्णांचं सरासरी वय 47 होतं. सरासरी! म्हणजे त्याहून लहान कितीतरी जण असणार. आपली लोकसंख्याच तरुण, त्यामुळे आकडा थोडा खाली येतो हे खरं. पाश्चात्त्य देशांच्या मानाने आपल्याकडे हा आजार कमी आहे, हेही खरं. तरीही 'साठीनंतरचा' म्हणून कुणाला घरी बसवता येत नाही.

शिवाय मूळव्याध आणि कॅन्सरची गाठ एकाच माणसाला असू शकतात. भाचीला बाळंतपणापासून मूळव्याध आहेच, त्यामुळे प्रत्येक थेंब मूळव्याधीच्याच नावावर जमा होतो. रक्त कमी झालं ते पाळीमुळे, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. ज्या डॉक्टरांनी तिला चार महिने मलम लिहून दिलं, त्यांनी एकदाही बोट घालून तपासलं नाही. गुदाशयाच्या खालच्या भागातली गाठ अनेकदा बोटालाच लागते. एक हातमोजा आणि दोन मिनिटं, एवढंच लागतं. अमेरिकेत 2023 साली पन्नाशीच्या आतल्या पाच हजारांवर रुग्णांचे कागद तपासले, तेव्हा निदानाच्या तीन महिने ते दोन वर्षं आधी चार खुणा दिसल्या: पोटदुखी, जुलाब, संडासातून रक्त आणि लोह कमी झाल्याने आलेला ॲनिमिया. यातल्या दोन तिच्यात आहेत.

दुसरा दावा वाचून तर माझं डोकंच फिरलं. म्हणे दुर्बीण घातली, तुकडा काढला की 'झोपलेला कॅन्सर जागा होऊन पसरतो'. कॅन्सर पसरतो तो पेशी रक्तवाहिन्यांत आणि लसिकाग्रंथींत शिरतात म्हणून, आणि त्यांना तेवढा वेळ मिळतो म्हणून. तो वेळ असले मेसेज देतात. हा कॅन्सर बहुधा पॉलिपपासून, म्हणजे आतड्याच्या आतल्या अस्तरावर वाढलेल्या कोंबापासून, सुरू होतो, आणि पॉलिपचा कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं लागतात. त्या काळात तो सापडला तर दुर्बिणीतूनच तारेचा फास टाकून काढतात. माझा गेल्या वर्षी असाच काढला, वाटाण्याएवढा. आदल्या रात्री पावडर घातलेलं खारट-लिंबट पाणी दोन लिटर प्यायचं आणि संडासाच्या फेऱ्या मारायच्या, त्रास काय तो तेवढाच. भूल दिल्यावर मला काही कळलंही नाही. आतड्याला छिद्र पडण्याचा धोका असतो, पण तो हजारात एखाद्याला किंवा त्याहूनही कमी.

'शाकाहाऱ्यांना होत नाही' हेही खोटं. सॉसेज, सलामीसारख्या प्रक्रिया केलेल्या मांसाने धोका वाढतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने 2015 मध्ये जाहीर केलंय. पण वरणभात खाणारा त्यातून सुटला, असं कुणी म्हटलेलं नाही. काही घराण्यांत तर हा आजार आनुवंशिकच असतो.

राहिला मेसेजमधला एरंडेलाचा उपाय. एरंडेलाने पोट साफ होतं, गाठ जात नाही. आणि आठवडाभर रक्त थांबलं म्हणजे गुण आला असं समजू नका. गाठीतूनही रक्त अधूनमधूनच येतं.

काल भाचीशी तासभर बोलले. पुढच्या मंगळवारची वेळ मिळाली आहे. सोमवारी मीच तिच्याकडे मुक्कामाला जातेय, पावडरचं पाणी तिच्याकडून पिऊन घ्यायला. दादाने ग्रुपवरून मेसेज काढला. पण त्याच रात्री तो त्याने सकाळच्या फिरायच्या मंडळींनाही पाठवला होता. दादा, हे वाचलंस की त्यांनाही पाठव.