पांढरे मोजे नसलेला गवा

गेल्या महिन्यात दादा, माझा मामेभाऊ, केनियाला जाऊन आला. मसाई माराचे दीड-दोनशे फोटो त्याने घरच्या ग्रुपवर टाकले आणि शेवटच्या फोटोखाली लिहिलं, "जनावरं बघावीत तर आफ्रिकेतच. आमच्या ताईंच्या कॅनडात काय, चार हरणं आणि एक अस्वल!" मामांनी अंगठा दिला, दोन्ही वहिन्या हसल्या. मी एडमंटनला ड्राइव्हवेवरचं बर्फ उपसून नुकतीच आत आले होते, बूटही काढले नव्हते. तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही.

दादाने तुलना कशी केली बघा. एका पारड्यात सहा टनांचा हत्ती, दुसऱ्यात हरीण. बैलाशी बैल लावावा, हरणाशी हरीण. त्याच्या फोटोतला तो कपाळभर शिंगांचा केप बफेलो घ्या. मोठा नर साधारण ७०० किलोचा. आमचा बायसन, म्हणजे इथला रानबैल, ९०० किलोपर्यंत जातो. त्याने टॉमी म्हणून टाकलेली हरणं २०-३० किलोची, म्हणजे आपल्या शेळीएवढी. आमच्या मागच्या कुंपणाशी येऊन सफरचंदाच्या फांद्या ओरबाडणारा व्हाइटटेल हरणाचा नर शंभर किलोच्या पुढचा असतो. तिकडच्या कुडू हरणाचा नर अडीचशे किलोच्या आसपास, इथल्या एल्क हरणाचा तीनशेच्या वर. सिंह १९०, आणि अलास्कातल्या कोडियाक बेटावरचं नर अस्वल ६०० किलोलाही पोचतं. तिकडचा इलंड मात्र मान्य. वजनात तो मूसला, आमच्या सगळ्यात थोराड हरणाला, मागे टाकतो. पण खांद्याशी साडेसहा फूट उभा राहणारा अलास्काचा मूस ज्याने पाहिलाय, तो 'चार हरणं' असं लिहिणार नाही.

यामागे कारणही आहे. १८४७ साली बर्गमन नावाच्या जर्मन अभ्यासकाने मांडलं होतं, की एकाच जातकुळीतली जनावरं थंड मुलखात अंगाने मोठी होतात. मोठ्या पातेल्यातली आमटी लवकर निवत नाही, तसंच हे. फ्लोरिडाच्या बेटांवर हेच व्हाइटटेल जेमतेम तीस-पस्तीस किलोचं राहतं.

हत्ती, गेंडा, जिराफ यांच्यापुढे इथलं काहीच टिकत नाही, हेही खरं. पण इथेही दहा टनांचे मॅमथ होतेच. साधारण बारा-तेरा हजार वर्षांपूर्वी ते गेले. हवामान बदललं म्हणून की माणसांच्या भाल्यांनी, हा वाद अजून चालू आहे. आफ्रिकेतली जनावरं माणसाच्या सोबतीनेच वाढली, त्याला ओळखून होती. इथल्यांना तो एकदम समोर आला, असं बरेच अभ्यासक मानतात आणि मलाही ते पटतं. उरलेल्या बायसनचे मग एकोणिसाव्या शतकात बंदुकांनी हाल केले. कोट्यवधींतले हजारही राहिले नव्हते.

हा वाद माझ्या आधी एका मोठ्या माणसाने घातलाय. अठराव्या शतकात फ्रान्समधला ब्युफाँ हा नामवंत निसर्गशास्त्रज्ञ लिहून बसला होता, की अमेरिका खंडातली जनावरं जुन्या जगातल्यांपेक्षा, म्हणजे युरोप-आशिया-आफ्रिकेतल्यांपेक्षा, खुजी, तिथली हवाच दमट आणि निकस. थॉमस जेफरसन तेव्हा अमेरिकेचा राजदूत म्हणून पॅरिसमध्ये राहत होता. त्याने आधीच दोन्हीकडच्या जनावरांच्या वजनांची कोष्टकं मांडली होती. तेवढ्याने भागेना, म्हणून न्यू हॅम्पशरच्या गव्हर्नरला लिहून त्याने चक्क एक मूस मागवला. बर्फातून ओढून आणलेलं ते धूड १७८७ साली समुद्रापार पॅरिसला पोचलं, केस झडलेले आणि डोक्यासाठी दुसऱ्याच मूसची शिंगं. पुढच्या वर्षी ब्युफाँ वारला. लेखी दुरुस्ती काही झाली नाही. परक्या शहरात बसून घरच्या जनावराची उंची पटवून देणाऱ्या त्या माणसाची तगमग मला आतून कळते.

पण त्याचं घर कुठलं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

फेब्रुवारीत आम्ही इथल्या एल्क आयलंड नॅशनल पार्कला गेलो होतो. वजा चोवीस, हायवे सोळा मोकळा. पार्कातल्या रस्त्यावर बायसनचा एक नर आमच्या गाडीला खेटून उभा राहिला. त्याचं वशिंड एसयूव्हीच्या छताच्या बरोबरीला आलं होतं. दाढीला बर्फाच्या गोळ्या लटकलेल्या, कपाळावरच्या लोकरीत कुसळं अडकलेली. श्वास सोडला की आमची काच धूसर व्हायची. मुलीने आवाज न करता माझा हात धरला. मी तिथूनच कोल्हापूरला आईला व्हिडिओ कॉल लावला. आई बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "पायात पांढरे मोजे कुठं आहेत गं याच्या?"

मोजे गव्याला असतात. गुडघ्याखाली पांढरेशुभ्र. लहानपणी बाबांनी दाजीपूरला नेलं होतं तेव्हा धुक्यात आधी तेच दिसले, चार पांढरे खांब, आणि मग वर काळाकभिन्न डोंगर. पाटीवर 'बायसन' लिहिलं होतं. तो बायसन नव्हेच, गवा. मोठा नर हजार किलोच्या घरात. दादाचा केप बफेलो आणि माझा बायसन, दोघांनाही भारी पडेल असा बैल राधानगरीच्या जंगलात उभा आहे आणि आमच्या ग्रुपवर त्याचा एकही फोटो नाही.

दादा कोथरूडला राहतो. डिसेंबर २०२० मध्ये तिथेच एक गवा वाट चुकून आला होता. लोक मोबाइल घेऊन मागे धावले, बिथरून तो तासन्‌तास पळत राहिला आणि शेवटी मेला. इथे परवा आमच्या शेजारच्या रस्त्यावर मूस आला, तर लोकांनी कुत्री आत घेतली, गाड्या थांबवल्या आणि तो जाईपर्यंत वाट पाहिली. हे मी ग्रुपवर लिहिलं, आणि लिहिता लिहिता "आमच्याकडे असं होत नाही" असं लिहून गेले. दादाने लगेच विचारलं, "आमच्याकडे म्हणजे कुठे?"

त्याने खोचून विचारलं असेल, पण मला उत्तर सुचलं नाही. एकोणीस वर्षं झाली इथे. शेजारी नोव्हेंबरात एल्कचं मांस आणून देतो. शिकारीच्या परवान्यांच्या सोडतीत त्याचा नंबर लागलेलं वर्ष असलं, की त्याच्याइतकाच आनंद मला होतो. तो खिमा मी घरून आलेल्या कांदा-लसूण चटणीतच करते. बायसनला खुजं म्हटलं की राग येतो, आणि कोथरूडच्या गव्याचा तो व्हिडिओ मी आजवर शेवटपर्यंत बघू शकलेले नाही. तो मेला तेव्हा मी तिथे नव्हते. असते तर मोबाइल काढला नसता, असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

डिसेंबरात येतेय. दादा, दाजीपूरची जीप मी ठरवली आहे. पहाटे साडेपाचला कोल्हापुरातून निघायचं. केनियाला नेलेली दुर्बीण घेऊन ये.